निळ्या शटरची पायरी

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांसही, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की प्रस्तुत लेखिका, वय वर्षे एकावन्न, धंदा बातमीदारी, ही गेल्या श्रावणात बातमी जिथे घडली त्या ठिकाणी स्वतः जाऊन आली. फोनवरून नव्हे, नकाशावर बोट फिरवून नव्हे, सदेह, छत्रीसह. आमच्या पुण्याच्या कचेरीत असा प्रकार पूर्वी घडल्याचं कोणाला आठवत नाही. रजेच्या अर्जात मी कारण लिहिलं, 'बातमीच्या जागी जाणे'. त्यावर रजा पाहणाऱ्या मुलीने फोन करून विचारलं, "मॅडम, हे आजारपणात धरू की वैयक्तिक कामात?"

वैयक्तिक कामात धर, म्हटलं. ते खरंच होतं.

आधी माझा गुन्हा सांगते, कारण तो मी फार ऐटीत केला होता.

आषाढ संपता संपता आमच्या बातम्यांच्या पोर्टलकडे एक व्हिडिओ आला. पाठवणारा खोपोलीचा नरेश. नरेशचं स्वतःचं चॅनेल आहे. म्हणजे एक फोन, एक काठी आणि लाल स्पंजचा एक माइक. व्हिडिओत शहरातलं एक कुटुंब कर्जतच्या बाजाररस्त्यावर एका पायरीवर बसलेल्या बाईकडून रानातली अळंबी विकत घेत होतं. "एकदम ऑरगॅनिक, जंगलातून डायरेक्ट," असं कुणीतरी लाडात येऊन म्हणत होतं. दुसऱ्या दिवशी त्याच लोकांनी त्याच व्हिडिओखाली लिहिलं: या बाईने आम्हाला विष विकलं, सहा जण दवाखान्यात, शेअर करा. लोकांनी केलं. सहाही जण पुढच्या दिवशी ठणठणीत होऊन घरी गेले, ते मात्र कोणी शेअर केलं नाही.

आता तुम्हाला वाटेल, बाईने आलेलं तसंच पुढे ढकललं असणार. छे. मी त्यातली नाही. मी पडताळणारी. कचेरीतल्या पोरांसाठी मी याच विषयावर कार्यशाळा घेते, शेवटी टाळ्या पडतात. मी संगणकावर चार खिडक्या उघडल्या. पहिलीत पाहिलं की चित्र जुनं तर नाही ना, नव्हतं. दुसरीत नकाशावरचे रस्त्याचे फोटो काढले आणि ती पायरी शोधली: निळं शटर, त्यावर 'कुकर व शेगडी दुरुस्ती' अशी पुसट अक्षरं, पायरीचा डावा कोपरा फुटलेला. तंतोतंत. तिसरीत त्याच सकाळचे त्याच रस्त्यावरचे इतरांचे रील्स जुळवले. आणि चौथ्या खिडकीत, वाचकहो, मला खजिनाच सापडला. दुसऱ्या दिवशीच्या एका रीलमध्ये त्याच पायरीवर, तीच भाजीची पाटी घेऊन, दुसरीच बाई बसली होती.

मी बातमी लिहिली: विषारी अळंबी विकणारी महिला फरार, जागेवर दुसरीच महिला. सोबत पायरीवरच्या बाईचा फोटो, मागे निळं शटर, शटरभोवती लाल वर्तुळ. त्या आठवड्यात आमच्याकडची सर्वांत जास्त वाचली गेलेली बातमी तीच. संपादकांनी, जे वयाने माझ्या भाच्याएवढे आहेत, मला अंगठा पाठवला.

तीन आठवड्यांनी नरेशचा आवाज फोनमध्ये येऊन पडला. "मॅडम, तुमची ती फरार बाई आज मला चौक गावच्या नाक्यावर भेटली. हायवेला गाड्या थांबवून करटोली विकत हुती. फरार मानूस करटोली इकतो काय? मला वाटतं आपलं काय तरी चुकलं."

'आपलं' म्हणाला, हा त्याचा चांगुलपणा.

पहिला दिवस: कर्जत

प्रवासाचं काय सांगायचं. घाट उतरला, ढग वर राहिले, मी खाली आले. नरेश मोटरसायकल घेऊन स्टेशनाबाहेर उभा होता. चाळिशीचा, बुटका, अंगात चॅनेलचं नाव छापलेलं जाकीट. मी त्याला म्हटलं, मला कुठे सोडू नकोस, त्या पायरीपर्यंत मी डोळे मिटून जाईन. चार खिडक्यांतून पाहिलीय मी ती.

आणि मी चुकले. बाजाररस्त्याला दोन फेऱ्या मारल्या. भजी तळणारा होता, प्लास्टिकच्या चपलांचा ढीग होता, निळं शटर कुठे नव्हतं. शेवटी दमून एका हिरव्या शटरखालच्या पायरीवर टेकले आणि आतल्या माणसाला विचारलं, "इथलं निळं शटर कुठे गेलं हो?"

तो कुकरच्या झाकणात रबर बसवत होता. त्याने वर न बघता म्हटलं, "तुमी पन व्हिडिओवाल्या काय?"

मी खाली पाहिलं. माझ्या डाव्या मांडीखाली पायरीचा कोपरा फुटलेला होता.

सुरेशभाऊ त्यांचं नाव. साठीचे, नाकावर चष्मा, बोटं काळी. "लोकं यायची, फोटू काढायची," ते म्हणाले. "एक जन तर शटरला हात लावून कॅमेऱ्यात बोलला की हाच तो विषाचा अड्डा. मंग मी रंगवलं. मी वायसर बदलतो हो, मॅडम." त्यांनी फोन काढून मला दाखवला. नकाशावर त्यांच्या दुकानाखाली ओळीने एकेक तारा. 'इथली अळंबी घातक. दूर राहा.' 'गरिबांच्या नावाखाली लूट.' त्याखाली सुरेशभाऊंनी स्वतः उत्तर टाकलं होतं: 'आमी फक्त कुकर दुरुस्त करतो.' त्या उत्तराला कोणीतरी हसरं तोंड चिकटवलं होतं.

मी म्हटलं, "ती बातमी मी लिहिली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं, मग नरेशकडे. "चा घेनार?" म्हणाले.

आमच्या पुण्यात चुकीची कबुली दिली की समोरचा आधी पाऊण तास ऐकवतो आणि चहा तरीही विचारत नाही. इथे चहा आधी आला, आलं घातलेला, इतका गोड की जीभ चिकटावी. ऐकवायचं ते त्यांनी चहाच्या आड ऐकवलं.

"मी दुकान अकराला उघडतो. तवर पायरी मोकळीच. कोंडाण्याच्या वरच्या वाडीतल्या बाया पहाटे उतरायच्या, अकरापत्तोर इकायच्या, उठताना पायरी धुवून जायच्या. माझ्या बापापासून चालत आलेलं हाय ते. भाडं नाय, काय नाय, पायरी धुतली की झालं. आता मी सोता धुतो."

"मग परत बसू द्या ना त्यांना. मी सांगते तुम्हाला, ती फरार नव्हती."

"तुमी मला सांगून काय उपेग? गिऱ्हाइकाला सांगा. जिथं पयलं छापलं, तिथंच खरं काय ते छापा. मी माझ्या फोनावर लोकांना दाखवीन आन दुसऱ्या दिशी त्यान्ला बसवीन. शब्द हाय आपला."

सरळ मागणी होती. मला ती सोपीसुद्धा वाटली. संध्याकाळी नरेशने नदीकाठच्या एका खानावळीत मला सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी खायला घातली. मी ती अशी मिटक्या मारत खाल्ली की जशी काही बातमी दुरुस्त झालीच आहे.

दुसरा दिवस: कोंडाण्याच्या वर

कोंडाणे गावापर्यंत मोटरसायकल गेली. पुढे पाय. लेणी पाहायला आलेली मंडळी एका वाटेने वळली, आम्ही दुसऱ्या. भातं हातभर वाढलेली, त्यांच्यामागे राजमाचीकडची भिंत सरळ ढगात घुसलेली, आणि तिच्या अंगावर पाण्याच्या पांढऱ्या रेघा. असं काही दिसलं की पुण्यातला माणूस गप्प होतो. मी झाले नाही. बोलत बोलत बांधावरून चालले आणि बोलता बोलताच बांधावरून भातात बसले. कंबरेपर्यंत चिखल. मदतीला वर पाहिलं तर नरेशचा हात आधी खिशातल्या फोनकडे गेला होता आणि मग माझ्याकडे आला.

"सवय हो, मॅडम," तो ओशाळून म्हणाला.

मी त्याला यथेच्छ हसले. त्या हसण्याची आठवण नंतर मला टोचली, पण ते पुढे येईल.

वाडीचं नाव मी देत नाही. एकदा ठिकाण नीट सांगून पाहिलं, तेवढं पुरे. ठाकरांची वाडी, अकरा घरं, शेणाने सारवलेल्या ओट्या, कुडाला टेकवलेली इरली. वाडीच्या वर एक मोठा काळा दगड आहे. फोनला रेंज फक्त त्या दगडावर चढल्यावर येते. माझी बातमी वाडीने त्या दगडावर उभं राहून पाहिली होती, एका वेळी तिघं-तिघं, कारण दगडावर तेवढीच जागा.

चिखलाने माखलेली बाई पाहून बुधीआजी आधी हसली. वाडीतली सगळ्यांत म्हातारी, केस पांढरेफेक, हातावर गोंदण. तिने तपेलीभर पाणी माझ्या पायांवर ओतलं, मग विचारलं, "ही कोन रं, नरेश?"

"बातमीवाली हाय, आजी. तीच."

आजीचं पाणी थांबलं नाही. "धू नीट," म्हणाली. "नखात चिखल ऱ्हातो."

ओटीवर बायका जमल्या. मी वही काढली आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "त्या दिवशी पायरीवर कोण बसलं होतं?"

"आमी."

"आमी म्हणजे नेमकं कोण?"

"आमी म्हंजे आमी," आजी म्हणाली. "पोलीस पाटलालापन हेच सांगितलं. तो म्हनला, एकीचं नाव सांग. म्हटलं, कशाला? पायरी एकीची हाय काय?"

मग मला जे कळलं ते माझ्या चार खिडक्यांपैकी एकीतही मावलं नसतं. पायरी एक, घरं अकरा. रोज एक घर खाली उतरतं, पाळीने. जी उतरते ती सगळ्या अकरा घरांचा माल घेऊन उतरते: करटोली, भारंगी, कुड्याच्या शेंगा, आणि चार दिवस मिळाली तर अळंबी. प्रत्येक घराचा माल सागाच्या पानात वेगळा बांधलेला, गाठीवरून ओळखता येईल असा. पाटी मात्र एकच. ती कुणा बाईची नाही, ती पायरीची पाटी. आज जी बसली ती उद्या बसणार नाही. उद्या ती रानात. ज्या दिवशी मी तिला फरार ठरवलं, त्या दिवशी ती वाडीच्या मागे टोपलं घेऊन भारंगी खुडत होती आणि पायरीवर, पाळीप्रमाणे, बुधीआजी बसली होती.

"म्हंजे फोटूतली दुसरी मी," आजीने मला समजावलं. "माझा बरा आलाय फोटू. हिचा नाय आला."

'ही' तिकडे कोपऱ्यात बसली होती. मी तिला येताक्षणीच ओळखलं होतं. माझ्या शेजारणीचा चेहरा मला इतका पाठ नाही. या बाईच्या डाव्या भुवईवरचा व्रण मी मोठा करकरून पाहिलेला होता. चांगुणा तिचं नाव. तिशी ओलांडलेली, पदर कपाळापर्यंत. ती कुड्याच्या शेंगा निवडत होती आणि जेवण वाढेपर्यंत तिने शेंगांवरून नजर उचलली नाही.

तिच्याबद्दल बाकीच्या बोलल्या. बातमीनंतर बाजारातल्या लोकांनी तिला एकटीलाच नव्हे, सगळ्यांनाच उठवलं. आता त्या चौक गावापर्यंत जातात, पार जुन्या हायवेला. दोन वाहनं बदलून. तिथे बसायला पायरी नाही, उभं राहून गाड्यांना हात करायचा. चांगुणा तिथे तोंडाला फडकं बांधते. गाडीतलं कुणीतरी तिला काच खाली करून विचारतं, ताई, तुम्ही त्याच का?

मी म्हटलं, "मी माफी मागायला आले आहे."

"माफी घेऊन काय करायचं, गं बाय?" आजी म्हणाली. "पायरी दे."

मग जेवण वाढलं. नाचणीची भाकरी, करटोल्याची भाजी आणि एका काळ्या तव्यात, कांदा-मिरचीवर परतलेली, मोसमातली शेवटची अळंबी.

मी भाकरी मोडली. हात तव्याकडे गेला आणि तव्यावर थांबला. एवढंच झालं. एका श्वासाचा वेळ असेल. पण ओटीवरच्या सगळ्या बायकांनी तो थांबलेला हात पाहिला, आणि चांगुणाने, जिने तोवर वर पाहिलं नव्हतं, तिने नेमकं तेवढ्या वेळी पाहिलं.

बुधीआजीने माझ्यापुढचा तवा ओढला, एक घास स्वतः खाल्ला आणि तवा परत सरकवला. "जी खुडते ती आंदी खाते," ती म्हणाली. "आमच्यात तसंच हाय. तुझ्यासाठी म्हनून नाय केलं."

माझ्यासाठीच केलं होतं.

प्रवासवर्णन आहे तेव्हा चव सांगितली पाहिजे. मांसासारखी, पण मांसाहून हलकी. चावली की पावसाळी मातीचा वास नाकात चढतो. मी ती लाजेने खाल्ली, आणि लाजेने खाल्लेलं काही इतकं चवदार लागतं हे मला माहीत नव्हतं.

आजीने न शिजवलेली एक अळंबी मला दाखवली. छत्री लहान, देठ खाली लांबच लांब मुळासारखा गेलेला, टोकाला वारुळाची माती. "ही वारुळावरची. ज्या घराचं वारूळ, त्या घराची अळंबी. गवतावर येती ती आखूड, पांढरीफेक, गोल. ती आमी गुरान्ला पन नाय घालत. ती आमच्या पानात जायचीच नाय."

मी वहीत सगळं लिहून घेतलं आणि निघताना, ओटीवर उभी राहून, छत्री तलवारीसारखी धरून वचन दिलं: परवा सकाळी पाटी घेऊन खाली या. त्याआधी मी खरं छापून आणते.

"परवा पाळी कोनाची?" कुणीतरी विचारलं.

"जिला उठवलं तिची," आजी म्हणाली. चांगुणाने शेंगांचं सूप झटकलं आणि आत गेली.

तिसरा दिवस: लोधिवली

आजीची देठाची गोष्ट मला पटली होती, पण संपादकांना देठ पटणार नव्हता. पुरावा हवा होता. व्हिडिओतलं ते कुटुंब कुठे उतरलं होतं ते नरेशने शोधून काढलं. अर्थात फोनवरूनच, त्यांच्या व्हिडिओमागे दिसणाऱ्या डोंगरावरून. लोधिवलीजवळचं एक फार्महाऊस. इर्शाळचा सुळका खिडकीत बरोबर मावावा अशी बांधलेली खोली, पोहण्याचा तलाव, आणि भोवती गालिचासारखं हिरवळीचं मैदान. या भागात शेतं विकली गेली की तिथे हिरवळ उगवते आणि शेताचा जुना मालक ती कापायला लागतो. वसंता असाच. जमीन त्याच्या चुलत्याची होती. आता तो तिथला रखवालदार.

वसंताने आम्हाला गेटाच्या आत घेतलं नाही. गेटाला टेकून हळू आवाजात बोलला.

"मी सांगितलं हुतं त्यान्ला. पावसानं लॉनवर छत्र्या आल्या हुत्या, पांढऱ्या, ह्या अशा. पोरांनी खुडून आनल्या. म्हटलं, सायेब, ह्या नका खाऊ, ह्या खायच्या नसत्यात. तर ते म्हनले, थांब, बघतो. फोनचा कॅमेरा धरला छत्रीवर. फोननं सांगितलं, खायची हाय. मंग काय. बाजारातली आन लॉनवरची एकाच कढईत."

"आणि लोकांना सांगताना फक्त बाजारातली सांगितली?"

"फोन कसा चुकंल, म्हनले. बाईच चुकली असंल."

मी हसले नाही. ही माझीच कार्यशाळा होती.

वसंताकडे पुरावा होता. खुडलेल्या छत्र्यांचं ताट हिरवळीवर ठेवून त्या मंडळींनी हौसेने फोटो काढला होता आणि मालकाच्या ग्रुपवर टाकला होता. त्या ग्रुपमध्ये वसंताही होता. आखूड देठ, पांढरीफेक, गोल. पलीकडे सागाच्या पानात वाडीची अळंबी, लांब देठाची, वेगळी. एकाच चित्रात दोन्ही. मी आयुष्यात इतका बोलका फोटो पाहिला नाही.

"देतो तुमाला," वसंता म्हणाला, "पन माझं नाव नको. फार्महाऊसचं पन नको. मी हितं नोकरीला हाय, मॅडम. तुमी जाल."

मी नाव नाही घातलं; वसंता हेही त्याचं खरं नाव नव्हे. या सबंध प्रकरणात मी एकाचं तरी नाव सांभाळलं, याची इथे नोंद व्हावी.

कर्जतला परत येऊन एका चहाच्या टपरीवर मी बातमी लिहिली. मी लिहिलं की आमची बातमी चुकली. कोणी फरार नव्हतं. पायरी वाडीची, पाळी वाडीची. विषबाधा हिरवळीवरच्या अळंबीने झाली. छायाचित्र म्हणून फक्त ते ताट. बाईचा फोटो घालू नये, असं मी ठळक अक्षरांत संपादकांना लिहिलं, आणि जुनी बातमी काढून टाकावी, असंही. त्यांचा अंगठा आला. मी टपरीवर दुसरा चहा मागवला आणि नरेशला म्हटलं, "बघ, अशी असते पत्रकारिता."

चौथा दिवस: पुन्हा पायरी

आठ वाजता त्या आल्या. बुधीआजी, आणखी दोघी, आणि पायरीची पाटी डोक्यावर घेऊन चांगुणा. तोंडाला फडकं नव्हतं. सुरेशभाऊ मुद्दाम लवकर आले होते. त्यांनी पायरी झाडून ठेवली होती. चांगुणा बसली, सागाची पानं पसरली, करटोल्यांचा वाटा मांडला, तो मोडून पुन्हा मांडला. मी रस्त्याच्या पलीकडे उभी होते आणि मला, खोटं कशाला सांगू, माझा अभिमान वाटत होता.

पिशवी घेतलेली एक बाई थांबली. वाकली. करटोली हातात घेतली. मग चांगुणाच्या तोंडाकडे पाहून तिने करटोली खाली ठेवली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, हीच ना ती? आज सकाळीच ग्रुपवर परत आलीय बघा. काहीतरी नवीन केलं वाटतं हिनं."

मी फोन उघडला.

मथळा होता: 'त्या' अळंबीवालीबाबत धक्कादायक खुलासा. वर चांगुणाचा तोच फोटो. मागे शटर, अजून निळं. लाल वर्तुळासकट. माझं सगळं लेखन त्याच्या खाली होतं, शब्द न शब्द जसाच्या तसा. ताटाचा फोटो सगळ्यांत तळाला. आणि त्याखाली, हेही वाचा म्हणून, माझी जुनी बातमी.

मी रस्त्यातच संपादकांना फोन लावला.

"मॅडम, चेहऱ्याशिवाय कोणी उघडतच नाही," ते अगदी समजुतीने म्हणाले. "ताटावर कोण क्लिक करणार? आणि खुलासा कोणाबद्दल आहे ते लोकांना कळायला नको? उलट बघा, किती जोरात चाललीय."

"आत काय लिहिलंय ते कोणी वाचतंय का?"

"ते आपल्या हातात नाही ना, मॅडम."

पायरीपुढे आता सात-आठ माणसं होती. विकत कोणी घेत नव्हतं. दोन फोन वर झाले होते. चांगुणाने पदर ओढला. बुधीआजी हात हलवून माशा हाकलाव्यात तशी फोन हाकलत होती. "काय बघताव? करटोली बघा. करटोली घ्या."

सुरेशभाऊंनी बातमी वाचली. चष्मा लावून, ओठ हलवत, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. माझ्या माहितीत ती पूर्ण वाचणारा तो एकच माणूस. मग ते माझ्याकडे आले.

"बरोबर लिवलंय, मॅडम. सगळं बरोबर हाय. मी लोकांना दाखवायला काढलं, तर लोकं म्हनतात, हां, हाच फोटू, हीच बाई." त्यांनी हिरव्या शटरकडे पाहिलं. "आता मी कुठला रंग देऊ?"

बायकांना 'उठा' म्हणावं लागलं नाही. त्या आपणच उठल्या. चांगुणाने पानं एकावर एक ठेवली, करटोली पाटीत भरली, एकही वाटा कमी झाला नव्हता. आजीने दुकानातून तांब्या मागून घेतला आणि काही न विकता, रीत म्हणून, पायरी धुतली. फुटक्या कोपऱ्यातली माती बोटाने काढली. सुरेशभाऊ म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं, आजी." ती म्हणाली, "बसलो ना? मंग."

पाटी डोक्यावर चढली. चौघी निघाल्या. मागे ती ओली पायरी राहिली, मोकळी, चकचकीत, आणि तिच्यात हिरवं शटर उलटं पडलेलं. मला वाटलं, हा फोटो हवा. याच्यावर काहीतरी लिहिता येईल, खरं, नीट, शेवटचं. माझा हात कधी वर गेला मला कळलं नाही. फोन डोळ्यांसमोर होता आणि चौकटीत पायरी बरोबर मावली होती.

चांगुणा वळली. चार दिवसांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. पाटी एका हाताने सावरत ती म्हणाली, मोठ्याने, भर बाजारात:

"आगं बाय, त्या पायरीला तरी सोड."